आठव्या वर्षी पुढचा दात मेला, तर काढून टाकायचा का?

"सगळे सांगतायत, दात काढा आणि मोठेपणी नवीन बसवा. मग मेलेला दात वाचवायची ही खटपट कशाला?" देवगडकडच्या एका आईचा हा प्रश्न. मुलांच्या दातांच्या दवाखान्यात पालकांशी बोलणं हे माझं काम, आणि हा प्रश्न मला सतत ऐकू येतो.

मुलगा आठ वर्षांचा. जांभ्याच्या ओल्या पायरीवर आपटून वरचा पुढचा दात तुटला. आजी म्हणाली, "पडांदे, दुसरो येतलो." पण तो दात कायमचा होता. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि मूळ पुरं व्हायला पुढे साधारण तीन वर्षं लागतात. दुखणं थांबलं म्हणून घरचे निर्धास्त झाले. हिरडीवर पुळी आली, तोवर दाताच्या आतली नस मेली होती.

नस मेली की मुळाची वाढ तिथेच थांबते. भिंती पातळ, टोक उघडं. एमटीए या दातांसाठीच्या खास सिमेंटने टोक बंद करता येतं, पण भिंती पातळच राहतात आणि दात मोडायची भीती उरते. दात काढला तर तिथलं हाड झिजतं. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, वाढत्या जबड्यात बसवत नाहीत. शेजारचे दात जबड्याबरोबर सरकतात, तो जागीच अडकून राहतो. म्हणजे आठव्या वर्षी काढलेल्या दाताची जागा दहाएक वर्षं कशी भागवायची, हे 'काढा' म्हणणारा कुणी सांगत नाही.

म्हणून डॉक्टरांनी पुनरुज्जीवनाचा उपचार सुचवला. आधी पोकळी औषधी पाण्याने धुऊन आत काही आठवडे औषध ठेवायचं. मग फाईल नावाचं सुईसारखं बारीक अवजार मुळाच्या टोकापलीकडे नेऊन मुद्दाम रक्त आणायचं. त्यासोबत टोकाकडच्या मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून नव्या पेशी बनतात) आत येतात. गुठळी झाली की वर सिमेंट आणि फिलिंग.

"रक्त काढणार?" आईचा चेहरा उतरला. मी सांगितलं, भूल देऊनच करतात.

"नस परत येईल?" बहुधा नाही. आत बऱ्याचदा हाडासारखी ऊती (पेशींचं जाळं) तयार होते. संसर्ग बहुतेक मुलांत बरा होतो. मूळ किती वाढेल, हे प्रत्येकाचं वेगळं. दाताचा रंगही थोडा बदलू शकतो. हे आधीच सांगितलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

उपचारानंतर वर्षाने काढलेल्या एक्स-रेत हाड भरून आलं होतं, भिंती जाड झाल्या होत्या. लांबी फारशी वाढली नव्हती. वडील ट्रॉलरवर जातात, म्हणून पुढची तपासणी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ठेवली आहे.