फेरोमोन म्हणजे ‘कामगंध’ का?

प्रश्न असा आला आहे: कपाशीत बोंडअळीचे नर पतंग पकडायला ‘कामगंध सापळे’ लावतात, मग फेरोमोनला, म्हणजे एका प्राण्यानं सोडलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्याला चेतवणाऱ्या रसायनाला, सरसकट ‘कामगंध’ म्हणावं का? आणि पतंगाला नाकच नाही, तर ‘गंध’ कसा?

सरसकट नको. मुंग्या ज्या मागावर रांगेनं चालतात तोही फेरोमोनच, पण त्यात ‘काम’ कुठे आला? फेरोमोन हा शब्द 1959 साली कार्लसन आणि ल्यूशर या शास्त्रज्ञांनी ग्रीकवरून घडवला. वाहून नेणं आणि चेतवणं एवढाच त्याचा अर्थ, वासाचं त्यात नावही नाही. तेव्हा व्यापक अर्थानं फेरोमोनच राहू द्यावा. ‘कामगंध’ फक्त नरमादीच्या ओढीपुरता.

‘गंध’ मात्र मी सोडणार नाही. त्याच 1959 मध्ये बुटेनांट या रसायनशास्त्रज्ञांनी रेशीमकिड्याच्या सुमारे 5 लाख माद्यांपासून ‘बॉम्बिकॉल’ हा कामगंध वेगळा काढला. तो टिपणाऱ्या नराच्या मिशा, म्हणजे पुस्तकातल्या शृंगिका, पिसासारख्या झुपकेदार असतात. त्यांवरचा एकेक केस पोकळ आणि त्याला अतिसूक्ष्म छिद्रं. रेणू छिद्रातून आत शिरतो, आतल्या द्रवातलं एक प्रथिन त्याला धरून चेतापेशीवरच्या ग्राहीपर्यंत, म्हणजे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचवतं, आणि पेशीतून मेंदूकडे संदेश सुटतो. एका रेणूनंही पेशी जागी होऊ शकते! मादीच्या मिशांना मात्र स्वतःचं बॉम्बिकॉल कळत नाही. हवेतला रेणू ग्राहीनं ओळखायचा, हेच आपल्या नाकातही होतं. मग याला गंध नाही तर काय म्हणायचं?

उत्क्रांतीही याच बाजूनं बोलते. एरिओक्रॅनिया हे पतंग फार जुन्या शाखेतले. त्यांच्या कामगंधाचे रेणू लहान, वनस्पतींच्या वासांशी मिळतेजुळते आहेत. त्यांच्या ग्राहींच्या अभ्यासावरून असं दिसतं, की झाडापानांचा वास घेणारे ग्राहीच पुढे कामगंधाच्या कामी आले.

आता एक चूक, जी मला खरोखर खटकते. आंब्याच्या बागेतल्या फळमाशीच्या सापळ्यालाही सर्रास ‘कामगंध सापळा’ म्हणतात. त्यात असतं मिथाइल युजेनॉल. ते तुळशीसारख्या वनस्पतींत सापडतं, मादी माशी ते सोडत नाही. नर त्याकडे धावतात हे खरं, पण तो माशीचा कामगंध नव्हे. कपाशीतल्या सापळ्याची गोष्ट वेगळी, तिथल्या ल्यूरमध्ये, म्हणजे आमिषात, गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाच्या गंधाचीच नक्कल असते. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठानं दिलेलं ‘रक्षक सापळा’ हे नाव आहेच, तेच वापरावं. नाहीतर नुसतं ‘गंध सापळा’ म्हटलं तरी चालेल.