बॅटमॅनच्या पिंडाला कावळा शिवेल का?

प्रश्न : सुट्टीत नातू आला की बॅटमॅनच्या कॉमिक्सचा ढीग घेऊन येतो. मीही चाळते. बाप डॉक्टर, घरी गडगंज पैसा, आणि हा मुलगा रात्रभर गच्च्यांवरून उड्या मारत फिरतो! त्याच्या आई-वडिलांना हे पसंत पडलं असतं का? आमच्याकडे निदान दहाव्याला कावळा तरी सांगतो. त्याला कोण सांगणार?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, कावळ्याची सोय तिथं नाही, पण गेलेल्या बापाला लेखकांनी बऱ्याचदा बोलतं केलंय.

बॅटमॅन आला मे १९३९ मध्ये. आई-वडिलांच्या खुनाची गोष्ट मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३३व्या अंकात सांगितली गेली, तीही जेमतेम दोन पानांत. पोरगं हात जोडून आई-वडिलांच्या आत्म्याची शपथ घेतं की उभा जन्म गुन्हेगारांशी लढेन. थॉमस आणि मार्था वेन यांनी असलं काही मागितलंच नव्हतं. वचन देणारा आठ-दहा वर्षांचा, घेणारे हयात नाहीत. मग ते मोडायची परवानगी तरी कुणाकडे मागायची?

१९९२च्या कार्टून मालिकेत स्केअरक्रो नावाच्या खलनायकाच्या विषारी वायूनं ब्रूसला (हे बॅटमॅनचं खरं नाव) वडील दिसतात आणि 'घराण्याचं नाव घालवलंस' म्हणून झापतात. ही साक्ष मी धरत नाही. तो बाप नव्हे, पोराच्याच मनातली भीती.

माझा आवडता प्रसंग १९९३च्या 'मास्क ऑफ द फँटॅझम' या कार्टूनपटातला. ब्रूस आंड्रियाच्या प्रेमात पडलाय. भर पावसात आई-वडिलांच्या थडग्यापुढे तो अक्षरशः गयावया करतो : शपथ घेतली खरी, पण आपण कधी सुखी होऊ हे हिशेबात धरलंच नव्हतं, चालेल ना, सांगा. दगड कसला बोलतोय! पण मागून आंड्रिया येते नि म्हणते, कदाचित मलाच त्यांनी पाठवलं असेल. आजी, याला कावळा शिवला म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं? पुढे ती त्याला सोडून जाते आणि हा मुखवटा चढवतो, ते निराळं.

खरा निकाल आला तो २०१७ मध्ये. त्याआधी २०११च्या 'फ्लॅशपॉइंट' या कॉमिक्समध्ये एक उलटं जग दाखवलं होतं : गल्लीत गोळी लागून पोरगा मेला आणि बॅटमॅन झाला बाप. या बापानं मुलाला लिहिलेलं पत्र फ्लॅश नावाचा दुसरा सुपरहिरो आपल्या नेहमीच्या जगात आणून देतो, आणि ते वाचून ब्रूस रडतो. २०१७ मध्ये, 'बॅटमॅन'च्या २२व्या अंकात, उलट्या जगातला हा बाप आणि आपला ब्रूस समोरासमोर येतात. थॉमस स्वतः तो मुखवटा घालून होरपळलेला माणूस. तो म्हणतो, हे सोड, सुखी हो. मला तुझा बाप होता आलं नाही, तू तुझ्या मुलाचा हो. शाबासकी नाही, राग नाही, नुसती विनवणी.

ब्रूस थोडं ऐकतोही. दोनच अंकांनी कॅटवूमनला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, लग्नाची मागणी घालतो. २०१८च्या ५०व्या अंकात ती ऐन वेळी लग्नाला येत नाही. मग २०१९मध्ये लेखकानं त्याच बापाला खलनायक केलं : पोरानं मुखवटा सोडावा म्हणून त्याचं आयुष्य मोडायला निघालेला. मला हे बिलकूल रुचलं नाही. एवढी साधी, बापाच्या पोटातून आलेली विनवणी, तिचा कट कशाला करायचा?

तेव्हा वडिलांचं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. आईचं विचाराल तर पंचाईत आहे. मला आठवणाऱ्या या सगळ्या प्रसंगांत बोलतो तो बापच. 'फ्लॅशपॉइंट'मध्ये तर मुलाच्या दुःखानं वेडी झालेल्या मार्थाला थेट जोकर, म्हणजे बॅटमॅनचा कट्टर वैरी, करून टाकलंय. नातवाच्या ढिगात तिनं लेकाला चार शब्द सुनावलेला एखादा अंक सापडला, तर मला जरूर कळवा.