वाचकांचे प्रश्न : वाचताना अडणारी मुलं

प्रश्न : मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. वय नऊ पूर्ण. बोलायला हुशार, दुकानातला हिशोब तोंडी करतो, पण धड्यातली एक ओळ वाचता येत नाही. बाई म्हणतात, शीव हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र आणा. मी चार घरची कामं करते. किती खेपा पडतील आणि काय काय न्यावं लागेल?
— एक आई, धारावी

ताई, बाई मागतात ते अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं याचं प्रमाणपत्र. एका खेपेत हे काम होत नाही, हे आधी धरून चला. बालरोग विभाग, डोळे, कान, बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी मिळते आणि दोन तारखांमध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते. तुम्हाला शीव जवळचं आहे, तिथेच जा.

खेपा वाचवायच्या असतील तर डोळे आणि कान आधी तपासून घ्या. नजर कमी आहे किंवा ऐकू कमी येतं म्हणून मूल अडत नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय पुढची चाचणी होत नाही. बरीच मुलं नेमकी इथेच परत पाठवली जातात. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी होते. लहानपणी कान वाहत असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. चष्मा लागला असेल तर चाचणीच्या दिवशी तो डोळ्यांवर हवा.

सोबत मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र ठेवा. पत्रात ‘अभ्यासात कच्चा’ एवढंच लिहून चालत नाही. काय येतं आणि कुठे अडतो, ते वर्गशिक्षिकेने चार ओळींत लिहिलेलं असावं. शाळेच्या वह्याही न्या, आणि त्या जशा आहेत तशाच न्या. पुष्कळ घरांत लाजेखातर मोठ्या बहिणीकडून नवी सुबक वही उतरवून घेतात. तपासणाऱ्याला मुलाच्या चुकाच पाहायच्या असतात, त्या वहीत त्याच नसतात.

चाचणीच्या दिवशी मुलाने पोटभर नाश्ता केलेला हवा. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे मागा. अर्धवट झोपेत दिलेल्या बुद्धिचाचणीचा आकडा खाली येतो आणि मग तोच कागदावर राहतो. प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. त्यात नाव आधारवर आहे तसंच, अक्षराला अक्षर लागून भरा. पुढे दहावीच्या फॉर्मच्या वेळी नाव जुळलं नाही तर पुन्हा धावपळ होते.

केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर द्यावं आणि 14 व 18व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी असं म्हटलं होतं; 2024मध्ये या सूचना सुधारल्या, म्हणून फेरतपासणीचा सध्याचा नियम रुग्णालयात विचारा. म्हणजे तुमच्या मुलाचं वय योग्य आहे. पण ताई, प्रमाणपत्राने सवलत मिळते, वाचायला येत नाही. तारखेची वाट बघत सहा महिने शिकवणं थांबवू नका. शाळेत समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक येतात का ते विचारा. मुलाला त्यांच्या यादीत घ्यावं असा साधा अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिकवायचं कसं, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : गोवंडीत संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. वेगवेगळ्या इयत्तांच्या चार-पाच मुलांना वाचताच येत नाही. माझं विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण झालेलं नाही. काय करता येईल?
— अभ्यासिका चालवणारा तरुण, गोवंडी

पुष्कळ करता येईल. आधी मूल नेमकं कुठे अडतं ते शोधा. चार कागद करा. पहिल्यावर वीस सुटी अक्षरं. दुसऱ्यावर काना-मात्रा नसलेले दहा शब्द : घर, नळ, बस, कमळ असे. तिसऱ्यावर काना, वेलांटी, उकाराचे दहा. चौथ्यावर जोडाक्षरांचे दहा. एकेका मुलाला बाजूला घेऊन वाचायला लावा आणि चुकलं तरी काही बोलू नका, फक्त खूण करा. ज्या कागदावर दहात आठ बरोबर येत नाहीत (अक्षरांच्या कागदावर विसात सोळा), तिथून त्याचा अभ्यास सुरू. मग तो सातवीत असला तरी. गट वयाने पाडू नका, या कागदांवरून पाडा.

रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा ती कितीतरी कामाला येतात, कारण या मुलांचं काल शिकलेलं आज निसटतं आणि ते दुसऱ्याच दिवशी परत धरावं लागतं.

पहिली पाच मिनिटं अक्षर न दाखवता फक्त कानाचा खेळ. ‘कागद’मधला ‘का’ काढला तर काय उरलं? ‘मासा’तल्या ‘मा’च्या जागी ‘पै’ घातला तर? ज्याला हे तोंडी जमत नाही त्याला अक्षरं कितीही गिरवून घेतली तरी ती शब्दात बसत नाहीत.

पुढची दहा मिनिटं अक्षरं. एका वेळी चारच घ्या आणि बाराखडीच्या तक्त्याचा क्रम सोडून द्या. ब-व, घ-ध, भ-म, प-ष, थ-य या जोड्या एकत्र कधीच शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी दुसरं. ताटात रव्याचा पातळ थर पसरा, मूल बोटाने अक्षर काढेल आणि काढता काढता तोंडाने आवाज म्हणेल. आवाज न म्हणता नुसतं गिरवलं तर ते चित्र काढल्यासारखं होतं, उपयोग नाही.

आता वेलांटी. मराठीत वाचताना अडणारं मूल इथे हमखास घसरतं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते, पण तिचा आवाज अक्षराच्या नंतर येतो. ‘किरण’मध्ये डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग क. मूल ती चुकीच्या अक्षराला चिकटवतं आणि ‘करिण’ वाचतं. म्हणून तक्त्यात दुसऱ्या नंबरवर असली तरी ती शेवटी शिकवा. आधी काना, मग दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, उकार, आणि हे सगळं बसल्यावर पहिली वेलांटी. यासाठी पारदर्शक प्लॅस्टिक फाइल कापून पट्ट्या करा आणि प्रत्येक पट्टीवर लाल मार्करने एक एक चिन्ह काढा. ‘क’च्या कार्डावर पट्टी ठेवली की का, की, के, को. अक्षर तेच राहतं आणि वरची खूण बदलली की आवाज बदलतो, हे मुलाला हाताने कळतं. पट्टी उचलली की पुन्हा क.

रफाराचं उलटं आहे. तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्या अक्षराच्या आधी. ‘सूर्य’मध्ये रफार य वर, पण आवाज र आधी. ‘चक्र’मधला र वेगळा, ‘ट्रक’मधला वेगळा. एका आठवड्यात र चं एकच रूप घ्या.

उरलेली पाच मिनिटं वाचन. शिकवलेलीच अक्षरं वापरून तुम्ही स्वतः पाच-सहा ओळी लिहा. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. पोस्टकार्डाला एक ओळ दिसेल एवढी खाच पाडून पानावर सरकवली तर ओळ चुकत नाही.

हे बिघडतं कुठे? फळ्यावरून उतरवून घेण्यात. मूल सुंदर अक्षरात पानभर उतरवतं, आपल्याला वाटतं आलं, आणि वाचता एक शब्द येत नाही. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावण्यात. आणि पाठांतरात : धडा ऐकून ऐकून पाठ झालेला असतो आणि बोट भलत्याच ओळीवर असतं. तपासायचं असेल तर खालच्या ओळीपासून वर, मधलेच शब्द विचारा.

दर शुक्रवारी तेच चार कागद पुन्हा घ्या आणि बरोबर शब्दांचा आकडा वहीत लिहा. सहा आठवडे नेमाने करूनही आकडा हलला नाही, तर त्या मुलाच्या पालकांना रुग्णालयाची वाट दाखवा. तुमची ही वही तिथे फार उपयोगी पडेल.

गणिताबद्दल एकच सांगतो. मूल ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहीत असेल तर त्याला आळशी ठरवू नका. आपण आधी ‘पंच’ म्हणतो आणि मग ‘वीस’, ते ऐकल्या क्रमाने लिहितं. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं 39. बालभारतीने 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत दिली तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण अडणाऱ्या मुलांसाठी ती वाट चांगली आहे. आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे रबराने बांधा. दोन जुडगे, पाच सुट्या. आधी ‘वीस पाच’, लिहायचं 25, आणि मग त्याचं नाव पंचवीस. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेतलीत तर आणखी बरं, मुलं पैशात चुकत नाहीत.

प्रश्न : घरी मराठी. मुलीला इंग्रजी माध्यमात घातलं. दुसरीत आहे, इंग्रजी वाचता येत नाही. शाळा म्हणते अध्ययन अक्षमता आहे.
— वडील, कुर्ला

दुसरीत एवढ्यावरून कुणालाही तसं म्हणता येत नाही. जी भाषा घरात कुणी बोलत नाही तिच्यात वाचायला वेळ लागतोच. वर दिलेला कानाचा खेळ मराठीत खेळा आणि महिनाभर मराठी अक्षरं शिकवून बघा. ती भराभर येऊ लागली तर अडचण बहुधा भाषेची आहे. मराठीतही तसंच अडत असेल तर तपासणी करा, कारण अध्ययन अक्षमता एकाच भाषेपुरती नसते. तपासणी मराठीतही व्हावी असा आग्रह धरा. ‘डाली’ नावाची चाचणी मराठीत उपलब्ध आहे. शाळा बदलण्याचा निर्णय त्यानंतर.

प्रश्न : मुलीचं प्रमाणपत्र दहाव्या वर्षी काढलं. आता नववीत आहे. शाळा म्हणते, सवलतींचं दहावीत बघू.
— आई, लालबाग

दहावीत बघून उशीर होतो. प्रमाणपत्रावरची मुदत आजच पाहा. फेरतपासणी राहिली असेल तर आत्ताच तारीख घ्या, कारण रांग तुमच्यासाठी लहान होणार नाही. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातो, पालकाला तो परस्पर देता येत नाही. शाळेला लेखी पत्र द्या, पोच घ्या. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळा उपकार करत नाही.

सवलती काय? तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं. गणकयंत्र. आकृत्या-आलेखांतून सूट. एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, आणि नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. शेवटची सवलत घाईत घेऊ नका. तिने पास होणं सोपं होतं, पण विज्ञान शाखेची आणि तंत्रनिकेतनाची वाट अरुंद होते. मुलीला पुढे काय करायचं आहे ते तिला विचारून ठरवा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीतला. त्याच्यासोबत सराव झाला नसेल तर सवलत उलटते. उत्तर येत असूनही तोंडी सांगायला मुलं बिचकतात, अर्धं वाक्य बोलून थांबतात, आणि लेखनिक पेन धरून बसून राहतो. सहामाहीपासून प्रत्येक परीक्षेत लेखनिक द्या असं शाळेला सांगा. घरी धाकट्या भावंडाला लिहायला बसवून दर आठवड्याला एक उत्तर सांगायचा सराव करा. पूर्णविराम, नवा परिच्छेद, अधोरेखन हेही तिनेच सांगायचं.

प्रश्न : भाच्याची सगळी तपासणी झाली. बुद्ध्यंक 78 आला. म्हणाले, प्रमाणपत्र मिळणार नाही. तो आठवीत आहे, वडील रिक्षा चालवतात. आता पुढे?
— मावशी, विक्रोळी

केंद्राच्या 2018च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची चाचणी बुद्ध्यंक 85च्या वर असेल तरच पुढे जायची, आणि मतिमंदत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तो 70च्या आसपास किंवा खाली लागतो. मधली मुलं दोन्हीकडून सुटतात. त्यांना मदतीची गरज तेवढीच असते आणि हक्काचा कागद एकही नसतो. हा अन्याय आहे, आणि गरीब घरात तो जास्त बोचतो कारण पैसे मोजून शिकवणी लावता येत नाही.

चाचणी तापात किंवा उपाशी झाली होती का, चष्मा होता का, ते आधी आठवा. तसं असेल तर फेरचाचणी मागा, मध्ये किती काळ जायला हवा ते तिथल्या मानसशास्त्रज्ञांना विचारून.

आकडा तोच राहिला तर आठवीच्या वार्षिक परीक्षेकडे आत्ताच लक्ष द्या. राज्यात पाचवी आणि आठवीला नापास करण्याची तरतूद परत आली आहे, मात्र पुरवणी परीक्षेची संधी मिळते. त्या परीक्षेपर्यंत शाळेने जादा मार्गदर्शन करायचं असतं, ते मागून घ्या.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा विचार करा. पाच विषय, त्यांत एक भाषा. गणित सक्तीचं नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय निवडता येतात. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि नऊ परीक्षांमध्ये एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात, प्रमाणपत्र कुणी मागत नाही. पण एक धोका आहे : शाळा सुटते आणि मूल दिवसभर घरी किंवा कामावर. म्हणून आठवी-नववी शाळेतच पूर्ण होऊ द्या आणि मुक्त विद्यालयात नाव घालण्याआधी रोज दोन तास बसवणारी अभ्यासिका पक्की करा. पहिल्या परीक्षेला दोनच विषय घ्या, त्याला सगळ्यात आवडणारे.