घरच्या सरावासाठी टिकाऊ पंचिंग बॅग आणि ग्लव्हज कोणते घ्यावेत?

आधी ग्लव्हजचं बघा, बॅग नंतर. बॅग फाटली तर शिवता येते, मनगट दुखावलं की महिनाभर घरी बसावं लागतं.

ग्लव्हजचं माप औंसात असतं. एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम. बॅगवरच्या सरावाला मोठ्या माणसाने 12 किंवा 14 औंसांचे घ्यावेत. जोडीदारासोबत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करणार असाल तर 16 चे. आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी (हँड रॅप) हवीच, साडेचार मीटरची, आणि ती बांधूनच दुकानात ग्लव्हज घालून बघा. नुसत्या हाताला बरोबर बसलेले पट्टीवर घट्ट होतात. चामडं महाग, पण जास्त टिकतं. स्वस्त रेक्झिन घड्यांवर तडकतं.

बॅगचं वजन आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावं. 70 किलोच्या माणसाला 35 किलो. लांबी चार फूट पुरते, लाथा मारायच्या असतील तर पाच-सहा. रिकामी बॅग घेऊन घरी भरणं परवडतं. शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साड्या, चादरी थराथराने दाबून भरा. बटणं, चेन आधी काढा. सुटी वाळू मात्र नको! ती खाली बसून दगडासारखी होते आणि बोटांची हाडं दुखावतात.

पंख्याच्या हुकाला बॅग कधीही टांगू नका. स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून घ्या. भाड्याचं घर असेल तर स्टँड बरा.

पावसाळ्यात ग्लव्हज पिशवीत कोंबून ठेवले की बुरशी धरलीच. सराव झाला की उघडून पंख्याखाली ठेवा.