विचारा मास्टर चीफना : बाबांचा 'पूर्वी स्टार' कुठं राहिला?

प्रश्न : काका, नमस्कार. माझे बाबा नौदलात स्टोकर, म्हणजे जहाजाचा बॉयलर सांभाळणारे, होते. गाव मालवण तालुक्यातलं. १९६३ मध्ये भरती झाले, १९७८ मध्ये पंधरा वर्षं पुरी करून पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडले. आज वय ८१. एकाहत्तरच्या लढाईत आपण 'विक्रांत'वर बॉयलर रूममध्ये होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्यांच्या सर्व्हिस सर्टिफिकेटवर मेडलच्या रकान्यात तीनच नावं आहेत : संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं. एकाहत्तरच्या पूर्व आघाडीसाठी मिळतो तो 'पूर्वी स्टार' नाही. जहाजांच्या पानावर तर जून १९७१ ते फेब्रुवारी १९७२ या काळात मुंबईतल्याच किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचं नाव लिहिलंय. १६ डिसेंबरला आमची सोसायटी त्यांचा सत्कार करणार आहे. भाऊ म्हणतो, चोरबाजारातून एक स्टार आणू आणि फ्रेममध्ये लावू, कोण बघतंय? ते ऐकून बाबा काही न बोलता उठून गॅलरीत गेले. काय करावं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, आधी बाबांना माझा सॅल्यूट सांगा. मी १९७६ च्या भरतीचा, म्हणजे त्यांच्यापुढे पोरगाच.

भावाला सांगा, स्टार आणू नका. आपल्या लष्करी मेडलवर ज्याचं त्याचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. गोल मेडल असेल तर कडेला, स्टार असेल तर पाठीमागे. चोरबाजारात मिळणारा खरा स्टार कुणा दुसऱ्याचा असणार, एखाद्याच्या नातवाने भंगारात घातलेला. आणि कोरा मिळाला तर तो नुसता पत्रा. बाबा गॅलरीत का गेले ते मला कळलं. तुमच्या भावालाही कळेल, जरा उशिरा.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही मेडलच्या रकान्याबद्दल विचारताय, पण चूक त्या रकान्यात नाहीच. ती जहाजांच्या पानावर आहे. पूर्वी स्टार हा शौर्याचा मान नव्हे. त्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर तुम्ही हजर होतात, एवढंच तो सांगतो. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार मिळाला. बाबांना संग्राम मेडल मिळालं म्हणजे स्टारचा हक्क गेला असं नाही, माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांच्या छातीवर दोन्ही आहेत. पण कागद म्हणतो की हा माणूस युद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर होता. किनाऱ्यावरच्या माणसाला बंगालच्या उपसागराचा स्टार कोण देईल? म्हणून अर्जात मेडल मागू नका. जून ते फेब्रुवारीची ती एक ओळ दुरुस्त करून मागा. ओळ सुधारली की स्टारचा हक्क त्यातूनच उभा राहतो. 'माझ्या वडिलांवर अन्याय झाला' अशा वाक्याने सुरू होणारे अर्ज मी नोकरीत ढीगभर पाहिलेत. त्यात तारीख शोधायला तिसरं पान उलटावं लागायचं.

अशी चूक होते कशी, हेही सांगतो, कारण मी स्वतः ती केलेली आहे. मी रायटर, म्हणजे जहाजाच्या ऑफिसातला कारकून. एखाद्या जहाजावर माणूस कमी पडला की किनाऱ्यावरून उसना पाठवायचे. माणूस संध्याकाळी किटबॅग खांद्याला लावून निघून जायचा, त्याचे कागद मात्र ठाण्यातच राहायचे. मागाहून आम्ही जेनफॉर्म काढायचा, म्हणजे सेवेतला बदल कळवणारा कागद, आणि तो रेकॉर्डला पाठवायचा. भूदलात हेच काम पार्ट टू ऑर्डर करतात. जेनफॉर्म निघालाच नाही, तर रेकॉर्डच्या दृष्टीने माणूस जागचा हललेलाच नसतो. १९८० च्या आसपास कार्बन उलटा लावून मी चौघांची एक अख्खी यादी वाया घालवली होती. एका चीफने दोन महिन्यांनी कान पकडला म्हणून निस्तरली. लढाईच्या धामधुमीत किती यादी अशा राहिल्या असतील, विचार करा.

बाबा खरं सांगतायत का, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण समोरचा कारकून विचारेल. म्हणून बाबांना एका रविवारी बसवा, चहा द्या आणि त्यांचं बोलणं लिहून घ्या. ते कुठे चढले? 'विक्रांत' जुलै १९७१ मध्ये मुंबई सोडून मद्रासकडे गेली, पुढे विशाखापट्टणम, मग अंदमान, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर बॉम्ब टाकले. तिचा चारांतला एक बॉयलर भेगेमुळे बंद होता आणि उरलेल्या तिघांवर ती चालवली, हे आज पुस्तकांतून आलंय. पण बाबांनी तुम्हाला हे लहानपणी सांगितलं असेल, तर ते पुस्तकातलं नाही. बॉयलर रूमचा चीफ कोण होता, वॉच, म्हणजे पाळी, किती तासांचा होता, मद्रासला किती दिवस थांबले, बंद बॉयलरच्या अंगाला काम करताना काय वाटायचं, हे सगळं विचारा. फोटो विमानांचे निघतात, बॉयलर रूमचे नाही. स्टोकरकडे पुरावा कमी असतो तो त्यामुळेच.

आठवण झाली की कागद शोधा. पत्र्याची पेटी असेलच. माळा पाहा, गावच्या घरचा कणगा पाहा. आईला आलेली पत्रं, त्यावरचे तारखेचे शिक्के. टोपीच्या पट्टीवर जहाजाचं नाव वाचता येईल असा फोटो, आणि मागे तारीख असेल तर उत्तम. जहाजावर किंवा 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात औषधपाणी झालं असेल तर त्याची चिठ्ठी. आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे बरोबरच्या माणसाचं सहीचं निवेदन. ज्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटवर 'विक्रांत' आणि पूर्वी स्टार दोन्ही लिहिलेले आहेत, असा एक जण मिळाला तर दहा फोटोंपेक्षा तो भारी. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात अजून शोधलंत तर सापडेल. थांबू मात्र नका. या वयाची माणसं वाट पाहत नाहीत.

त्याच वेळी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. अर्ज बाबांच्या नावाने आणि त्यांच्या सहीने, कारण माहिती त्यांची स्वतःची आहे. तुमच्या नावाने टाकलात तर खासगी माहिती म्हणून परत येण्याची शक्यता. मागायचं एवढंच : जून १९७१ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या नेमणुकीच्या सगळ्या नोंदींची प्रत आणि मेडलच्या नोंदींची प्रत. 'माझी सगळी फाइल द्या' असं लिहू नका.

नाविकांचं रेकॉर्ड मुंबईतच आहे, हे आपलं नशीब. ब्यूरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प, मानखुर्द. हार्बरने मानखुर्दला उतरा. रिक्षावाल्याला नुसतं चीता कॅम्प म्हणालात तर तो वस्तीत नेऊन सोडेल, नेव्हीचं ऑफिस असं स्पष्ट सांगा. दुरुस्तीचा अर्ज ब्यूरोच्या कमोडोरांच्या नावाने, इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानाचा. वर बाबांचा नंबर, रेट म्हणजे हुद्दा, नाव. पहिल्या परिच्छेदात ती चुकीची ओळ, दुसऱ्यात बरोबर काय हवं ते, तिसऱ्यात पुराव्यांची नावं. मूळ कागद एकही देऊ नका, प्रती द्या. स्पीड पोस्टाची पावती सर्टिफिकेटबरोबर ठेवा. मानखुर्दच्या खेपेत बाबांना दगदग नको, पावती आणि ओळखपत्रं घेऊन तुम्ही जा.

नाव नीट पाहा. त्या काळी कित्येक कोकणी पोरांची नावं भरतीच्या दिवशी कुणीतरी ऐकून लिहिली. डब्ल्यूच्या जागी व्ही, कधी आडनावच नाही, नुसतं बापाचं नाव. आधार कार्डावर वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून जोडा. नाहीतर मेडलचं राहील बाजूला आणि स्पेलिंगवरच वर्ष जाईल.

नकार आला तर तो लेखी घ्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं पीठ मुंबईत आहे, पण ते आधी विचारतं की खात्याकडे दाद मागितली का, आणि साधारणपणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. वकील लगेच गाठू नका. निम्मी कामं अर्जावर आणि एका आठवणपत्रावर होतात. आणि एक सरळ सांगतो : या स्टारला पैसे नाहीत. पैसे शौर्यपदकांना असतात, त्यांची नावं गॅझेटात येतात, त्याचा रस्ताच वेगळा.

१६ डिसेंबरपर्यंत यातलं काही होणार नाही. सत्काराला बाबांनी त्यांची तीन मेडलं लावावीत. सूत्रसंचालक पाच म्हणाला तर बाबाच त्याला थांबवतील. 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला काढली, तिच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या. थोडा धातू लायन गेटजवळच्या स्मारकात आहे. तिथे बाबांना एकदा घेऊन जा, कागदाचं काम चालू असतानाच. तिथला फोटो अर्जाला जोडू नका मात्र, लोक तेही करतात.

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९६५ च्या युद्धात होते असं घरी बोललं जातं. आठ वर्षांनी नोकरी सोडून गिरणीत लागले, पेन्शन नव्हती. घरी एकही कागद नाही. त्यांची मेडलं कोणती ते कळेल का?
— एक वाचक, करी रोड

उत्तर : त्यांचं रेकॉर्ड बेळगावला. पण पेन्शन नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, म्हणजे सेवापुस्तिका मिळण्याची आशा धरू नका. लाँग रोल मात्र कायम ठेवतात, त्यात नंबर, नाव, भरती आणि सुटण्याची तारीख अशी मोजकी माहिती असते. पहिलं काम नंबर शोधण्याचं. आजीच्या पेटीत एखादं जुनं मेडल असेल तर त्याच्या कडेवर तो कोरलेला असेल, भिंगातून पाहा. पासष्टच्या लढाईला समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल होतं, पण लाँग रोलवरून कोणतं मिळालं ते ठरेलच असं नाही. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा, पत्रव्यवहार त्यांना सवयीचा आहे. आजी असतील तर अर्ज त्यांच्या नावाने.

प्रश्न : घर बदलताना मेडलांचा डबा टेम्पोतून हरवला. दुसरी मिळतील का?
— निवृत्त हवालदार, डोंबिवली

उत्तर : नोंद शाबूत आहे ना, मग काळजी नाही. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या, प्रतिज्ञापत्र करा, आणि आपल्या रेकॉर्ड ऑफिसला डुप्लिकेटसाठी लिहा. किंमत भरावी लागेल. तोवर रिबनचा बार कुलाब्याच्या कुठल्याही लष्करी टेलरकडे शिवून मिळतो, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घेऊन जा, नाहीतर तो तुम्हाला हौसेने दोन रिबनी जास्तीच्या लावून देईल.