कवळीचं टिचबटण वारंवार सैल का पडतं?

प्रश्न : आईचं वय ७१. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी, याला दीड वर्ष झालं. सैल पडली म्हणून आतल्या गुलाबी नायलॉनच्या टोप्या बदलल्या, त्या चार महिन्यांतच गेल्या. डॉक्टर आता जास्त घट्ट, पारदर्शक टोप्या घालू म्हणतात. घालाव्यात का? (जुळे सोलापूर)

उत्तर : लगेच नको. टोपी चार महिन्यांत गेली म्हणजे तिला काहीतरी घासतंय. ते आधी शोधायला हवं. लोकेटर पद्धतीत (इम्प्लांटवर धातूचं बटण, कवळीच्या आत त्याला पकडणारी नायलॉनची टोपी) एका पारदर्शक टोपीची पकड सुमारे २.३ किलो, गुलाबीची १.४ आणि निळीची ०.७ किलो असते. पारदर्शक टोप्यांनी काही दिवस बरं वाटेल, पण घासणं थांबणार नाही. शिवाय दोन्हींची मिळून साडेचार किलोंची पकड आईंच्या बोटांना रोज सोडवता येईल का, हे त्यांनाच विचारा.

पहिला संशय बैठकीवर. अशी कवळी पुढे बटणांवर आणि मागे हिरडीवर टेकते. दात नसलेल्या जागेचं हाड झिजतच राहतं, मागची हिरडी खाली जाते आणि प्रत्येक घासाला कवळी बटणांभोवती डुलते. थोडी हालचाल चालते; पण मागच्या दाढेवर बोट दाबल्यावर पुढचा भाग ठळक उचलला जात असेल, तर डॉक्टरांना कवळीच्या आत सिलिकॉनची पातळ पेस्ट घालून बैठक तपासायला सांगा. पोकळी दिसली की आधी रिलाइन (कवळीच्या आत नवा थर भरून ती हिरडीला बसती करणं), टोप्या त्यानंतर. उलटं केलं तर नव्या टोप्याही तशाच जातील.

दुसरा संशय खळगीवर. बटणाच्या मधोमध खळगी असते आणि टोपीचं बोंड तिच्यात बसतं. आपल्याकडच्या शेंगाचटणीचा बारीक कूट आणि कडक भाकरीचा चुरा नेमका तिथे जाऊन दडपतो. मग बोंड आत जात नाही, कवळी अर्धवट बसते आणि चावताना टोपी चेपते. बदललेली टोपी डॉक्टरांकडून मागून घ्या, भिंगाखाली बघा. बोंड चेपलेलं असेल तर खळगी भरत असणार. झीज एकाच कडेला असेल तर इम्प्लांट तिरपे आहेत किंवा कवळी तिरपी बसवली जातेय. बोंडाच्या टोप्या एका इम्प्लांटला साधारण १० अंशांच्या तिरपेपणापर्यंतच चालतात. त्यापुढे हिरव्या-नारिंगी, बिनबोंडाच्या टोप्या लागतात.

आई कवळी दात आवळून बसवतात का, हेही बघा. बहुतेक जण तसंच करतात, आणि टोप्यांची कड तिथेच कापली जाते. दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबावी, ‘टक’ असा आवाज दोन्हीकडून यावा. काढतानाही दोन्ही बाजू एकदम उचलाव्यात. बटणं मऊ ब्रशने आणि जेल पेस्टने घासावीत, खळगीत ब्रशचं टोक फिरवून. मशेरी, खरखरीत दंतमंजन, ब्लीच आणि कढत पाणी अजिबात नको.

प्रश्न : या टोप्या ऑनलाइन मिळतात. घरीच बदलल्या तर? (होटगी रस्ता)

उत्तर : नको. टोपी धातूच्या डबीत ठोकून बसवलेली असते आणि डबी अॅक्रिलिकमध्ये पक्की. टोपी काढायला वेगळं हत्यार लागतं. सुई-चिमट्याने डबीची कड वाकली की नवी टोपी कधीच नीट बसत नाही. अर्धवट बसलेली टोपी जेवताना सुटून घशात जाऊ शकते, हे वेगळंच. शिवाय बटणाचा स्क्रू ढिला झालाय का, ते डॉक्टर त्याच वेळी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने स्क्रू आवळणाऱ्या पान्याने) बघतात.

प्रश्न : वडिलांचे हात थरथरतात. त्यांच्या इम्प्लांटवरच्या कवळीला बटण, बार की चुंबक? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : बारची (इम्प्लांटना जोडणारी धातूची पट्टी, तिच्यावर कवळी बसते) पकड चांगली, पण त्याला बटणापेक्षा ३-४ मिमी जास्त उंची लागते आणि बारच्या खालून रोज सफाई करावी लागते. थरथरत्या हातांना ते अवघड. सफाई राहिली की हिरडी सुजून बारखाली वाढते. चुंबकाची पकड कमी, पण कवळी जवळ नेली की आपसूक जागेवर बसते, म्हणून आमचा कौल त्याला किंवा निळ्या टोपीच्या बटणाला. चुंबक निवडलात तर एमआरआयच्या आधी तिथल्या तंत्रज्ञांना सांगायला विसरू नका: कवळी बाहेर काढली तरी इम्प्लांटवरची लोखंडी चकती तोंडातच राहते.