पहिली दुनळी बंदूक: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

परवान्यासाठी अर्ज केला आहे. क्ले शूटिंग शिकायचं आहे आणि घरीही एक बंदूक असावी असं वाटतं. दोन्हीला चालेल अशी दुनळी कोणती? शेजारी-शेजारी नळ्यांची की वर-खाली?
(मुलुंड)

आधी परवाना, मग बंदूक. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. तो हातात येण्याआधी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

तुमचा भर खेळावर असेल तर वर-खाली नळ्यांचीच घ्या. ट्रॅप आणि स्कीट या क्ले शूटिंगच्या दोन प्रकारांत हवेत उडवलेली जी चकती फोडायची असते तिचा व्यास 110 मिमी आणि वजन 105 ग्रॅम. ती उडत असताना नजरेसमोर एकच अरुंद नळी असली की नेम धरणं सोपं जातं. शिवाय खालच्या नळीचा धक्का सरळ खांद्यात येतो, तोंड कमी उसळतं आणि दुसरी गोळी लवकर साधते. अशी बंदूक साडेतीन किलोच्या आसपास भरते. शेजारी-शेजारी नळ्यांची साधारण तीन किलोची असते. ती हातात धरून हिंडायला हलकी वाटते, पण 25 चकत्यांच्या दोन फेऱ्या झाल्या की तेच हलकेपण खांद्याला जाणवतं.

बंदूक निवडताना लोक नावाला भुलतात आणि चोक बघायला विसरतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली किंचित अरुंदी, आणि छर्रा किती पसरायचा ते तीच ठरवते. फुल चोकच्या नळीतून 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात साधारण 70 टक्के छर्रे बसतात, बिनचोकच्या नळीतून 40 टक्के. स्कीटमध्ये चकती वीसेक मीटरवर फुटते, तिथे मोकळी नळी हवी. ट्रॅपमध्ये चकती दूर पळत असते, तिथे हाफ आणि फुल चोक लागतात. म्हणून बदलता येणारे चोक असलेली बंदूक मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. नळी 28 इंची ठेवा. घरात वागवायला सोपी जाईल म्हणून नळ्या कापून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची किमान लांबी 20 इंच धरली आहे, बंदुकीची नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, आणि नळी कापली की चोकही जातो.

आजोबांची विलायती दुनळी वडिलांच्या परवान्यावर आहे. वडील 72 वर्षांचे आहेत. ती माझ्या नावावर होईल का? आणि आजची काडतुसं तिच्यात चालतील का?
(गिरगाव)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अर्ज करता येतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं निधन झालं, त्याला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा त्याने शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर वारसाला परवाना मागता येतो. चौकशी तुमची स्वतंत्र होईल. वय 21 पूर्ण हवं आणि सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण झालेलं हवं. परवाना तुमच्या नावावर येईपर्यंत बंदूक वडिलांच्याच ताब्यात राहिली पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नात खरा धोका आहे. जुन्या इंग्लिश बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुतेकदा अडीच इंचाचं, म्हणजे 65 मिमीचं असतं. आजची बरीच काडतुसं 70 मिमीची असतात. काडतुसाची ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडवलेलं 70 मिमीचं काडतूस आखूड असल्यामुळे 65 मिमीच्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूकही बिनतक्रार बंद होते. बार उडाला की त्याचं तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या जागेत उलगडतं, छर्ऱ्याची वाट अडते आणि दाब वाढतो. ‘बसतंय ना, मग चालेल’ हा हिशेब इथे चुकतो.

नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचे शिक्के वाचा. 2½ दिसलं तर 65 मिमीचीच काडतुसं वापरा. 1954 नंतरच्या इंग्लिश चाचणी शिक्क्यात दाबाचा आकडा ‘3 tons’ ऐवजी ‘3¼ tons’ असेल तर चेंबर पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिमीचं असण्याची शक्यता जास्त, तरी ते मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या शिरांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस नळी आहे. तिच्यात आजची काडतुसं घालायची नाहीत, ती जपून ठेवायची.

मग जाणकार बंदूक-कारागिराकडे न्या, पण चार गोष्टी आधी घरीच तपासा. नळ्या हुकावर टांगून लाकडाने हलकेच टिचक्या मारा. खणखणीत नाद आला तर जोड शाबूत, थडथड आली तर नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. मोकळ्या नळीतून उजेडाकडे बघा. सावलीचं वर्तुळ एका जागी तुटलेलं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. पुढचं लाकूड काढून, बंदूक बंद करून दस्ता एका हाताने धरा आणि नळ्या हलवा. खुळखुळ जाणवली तर कुलूप झिजलं आहे. शेवटी डमी काडतुसं घालून दोन्ही चाप पाहा. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. एक चाप दाबल्यावर दुसरा घोडाही पडला तर दुरुस्तीशिवाय ती बंदूक उडवू नका.

आणि घरात 20 बोअरचं एकही काडतूस ठेवू नका. ते बारीक असल्यामुळे 12 बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. नळी रिकामी वाटते, मागून 12 बोअरचं काडतूस भरलं जातं आणि नळी फुटते.

उंची पाच फूट एक इंच. क्लबची बंदूक गालाला लागते आणि खांद्याला निळे डाग पडतात. हलकी बंदूक घेऊ का?
(दादर)

हलकी घेतली तर धक्का वाढेल. तुमची अडचण वजनाची नाही, दस्त्याची आहे. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी बाजारात साधारण साडेचौदा इंच मिळते, तुम्हाला ती बहुधा तेरा-साडेतेरा लागेल. रिकाम्या बंदुकीने तपासा. डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. समोरची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) आणि नळीवरची पट्टी एका रेषेत, पट्टी जेमतेम दिसेल अशी, आली पाहिजे. नुसती पट्टीच दिसली तर गाल वर आहे, मागचा भागच दिसला तर गाल खाली आहे. दस्ता कापणं कारागिराला अवघड नाही. आधी नीट मोजून घ्या, मगच कापा. लाकूड परत जोडलं जात नाही. 24 ग्रॅमची काडतुसं वापरा, ट्रॅप-स्कीटच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही कमाल वजन तेवढंच असतं.

अकराव्या मजल्यावर राहतो. रात्री उशाशी भरलेली दुनळी ठेवली तर चालेल का?
(अंधेरी)

नाही. दुनळीची सुरक्षा-कळ बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवते, आतला घोडा चढलेलाच राहतो. भरलेली बंदूक पडली किंवा मुलाच्या हाती लागली तर त्या कळीवर भरवसा ठेवता येत नाही. बंदूक रिकामी, नळ्या उतरवून, कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या घरच्यांना सहज सापडणार नाहीत अशा ठेवा.

छर्ऱ्याचा पल्लाही लक्षात घ्या. जुना अंदाज असा की छर्ऱ्याचा इंचातला व्यास गुणिले 2200 म्हणजे यार्डांतला कमाल पल्ला. चकतीसाठीचा 2.4 मिमीचा छर्रा सुमारे 190 मीटर जातो. एस.जी. या जाड छर्ऱ्याच्या काडतुसातला 8.4 मिमीचा छर्रा सुमारे साडेसहाशे मीटर जातो. खिडकीबाहेर समोरची इमारत तीस मीटरवर असते, आणि फ्लॅटमधल्या जिप्समच्या भिंतीपलीकडे आपलंच माणूस झोपलेलं असतं. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरण्याची मुभा त्यात नाही. जाळीचा सेफ्टी डोअर, चांगलं कुलूप आणि 112 वर फोन यांनी फ्लॅटचं रक्षण बंदुकीपेक्षा जास्त होतं. मुंबईत दुनळी खेळासाठी घ्या.

कोकणातल्या घरी वानरं बागेत येतात. हीच बंदूक तिकडे नेऊन वापरू का?
(भांडुप)

नको. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे, आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा असतो. तुमच्या परवान्यावर कोणतं कारण आणि कोणतं क्षेत्र लिहिलं आहे ते वाचा.

पावसाळ्यात बंदुकीला गंज चढतो. खंडेनवमीला पूजा केली की डाग पडतात. काय करावं?
(बोरिवली)

चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर आधी ते बंद करा, ते ओल धरून ठेवतं. वापर झाला की त्याच दिवशी नळीतून सुक्या कापडाचे बोळे फिरवा, मग सॉल्व्हंट, मग पुन्हा सुका बोळा आणि शेवटी पातळ तेल. तेल जास्त घालू नका. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की तेल खाली दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड फुसफुशीत होतं. म्हणून काही दिवस ती तोंड खाली करून ठेवा. कपाटात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की वाळवा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा हात फिरवा, कारण घामाच्या बोटांच्या खुणांवरच गंज आधी धरतो.

पूजेच्या आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर रिकामे असल्याची खात्री करा, आणि ती उघडीच ठेवा. हळदकुंकू आणि ओलं फूल धातूला न लावता दस्त्याखाली ठेवलेल्या कापडावर वाहा. संध्याकाळी सगळा धातू तेलाच्या कापडाने पुसून घ्या. पाणी शिंपडलं असेल तर नळ्या उतरवून सांध्यातली ओलही टिपा.